बटर क्रॉसवरून डावीकडे

एडमंटनमधल्या प्रत्येक घरात दाराशी एक टोपली असते आणि तिच्यात एकेकटे हातमोजे साठत जातात. मुद्दाम कुणी साठवत नाही. डावा सापडतो, उजवा बसमध्ये राहतो, आणि टाकवत नाही म्हणून तो बिचारा टोपलीत पडतो. आमच्या मॉलमधल्या मंडळाचे किस्सेही असेच साठले आहेत. सांगायला घेतले की लोक विचारतात, मग पुढे काय झालं? आणि पुढचा मोजा माझ्याकडे नसतो. तरी आज टोपली पालथी करतेच.

मंडळ चारच माणसांचं. सबनीस काका, कराडच्या शाळेतले रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या पत्नी कमलकाकू. पुण्याचे प्रधान, ज्यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि ते अजून कुणाला विसरू दिलेलं नाही. आणि मी, मंगल, नागपूरची. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते, त्याला आता अकरा वर्षं होतील. इथे विंटरमध्ये बाहेर चालणं म्हणजे हाडांच्या डॉक्टरला आमंत्रण. म्हणून सकाळी नऊला, दुकानं उघडायच्या आधी, आम्ही मॉलमध्ये फेऱ्या मारतो. तेव्हा तिथे अर्धेच दिवे लागलेले असतात, काचेच्या छतातून बर्फाचा निळसर उजेड खाली येतो आणि आपलेच बूट लांब कुठेतरी वाजल्यासारखे वाटतात.

*

सुरुवात काकूंच्या गुडघ्यापासून झाली. गुडघा नवा बसवला होता आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलं होतं की रोज चाला, नाहीतर हाही आखडेल. काकू पहिल्या दिवशी मॉलमध्ये आल्या आणि चष्म्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसल्या, त्या बसल्याच. काकांनी समजावलं, मी समजावलं, गुडघ्यावर किती भार येतो याचं गणित प्रधानांनी समजावलं. काकू म्हणाल्या, सगळं कळलं, तुम्ही या जाऊन.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काका बाकाशेजारी उभे राहिले. लांबची वस्तू मोजताना ड्रॉइंग मास्तर मिटतात तसा त्यांनी एक डोळा मिटला आणि बाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बटर क्रॉस. आठ खांबांची दगडी छत्री. खेड्यापाड्यातल्या बायका इथे लोणी विकायला बसायच्या. इथून डावीकडे बावीस पावलांवर बेकरी."

डावीकडे मोबाइलच्या दुकानाचं बंद शटर होतं. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, शटरकडे बघितलं, आणि उठल्या. तोंडाने मोजत, काठी टेकत, बावीस पावलं गेल्या.

"बंद आहे," त्या म्हणाल्या.

"सोमवार आहे. उद्या उघडी असेल," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर काकू आमच्या आधी तिथे उभ्या होत्या.

*

मग गाव वाढत गेलं. इंग्लंडमधलं जुनं बाजाराचं गाव होतं ते. फूड कोर्ट म्हणजे बाजारचौक. पैसे काढायची मशीन होती तिथे कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे धान्याचे सौदे व्हायचे ती इमारत. बुटांच्या दुकानापाशी घोडागाड्यांची सराय. तिची कमान इतकी बुटकी की गाडीच्या टपावर बसलेल्यांना वाकावं लागे, म्हणून काका आम्हालाही तिथे वाकायला लावत. काकू तेवढ्या वाकायच्या नाहीत. मी गाडीच्या आत बसले आहे, म्हणायच्या.

काकांचा एक नियम होता. खालची दुकानं बघायची नाहीत, खालचं सगळं नवं असतं. जुनं गाव बघायचं तर मान वर करायची, खिडक्या वर राहिलेल्या असतात. त्यामुळे आम्ही चार म्हातारी माणसं माना वर करून, तोंडं उघडी टाकून चालायचो.

एकदा मॉलचे सिक्युरिटीवाले बलबीरसिंग धावत आले. पन्नाशीचे गृहस्थ, आधी ट्रक चालवायचे. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, पानी टपक रहा है क्या? काका म्हणाले, नहीं जी, खिडकी देख रहे हैं, बहुत पुरानी है. बलबीरसिंगही बराच वेळ मान वर करून उभे राहिले. 

दुसऱ्या दिवशी तिथे पिवळी पाटी आणि शिडी! छताचे दोन चौकोन काढलेले, आणि खरंच आत ओल निघालेली. काकांना त्याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. जुनी घरं आहेत, गळायचीच, म्हणाले आणि पुढे निघाले.

*

गावाचं नाव मात्र काका सांगत नसत. नाव सांगितलं की तुम्ही फोनवर बघाल, एवढंच म्हणत. प्रधानांना हे सहन होईना. ज्या जागेला नाव नाही तिच्या नकाशावर इंजिनिअर सही करत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी घरी बसून शोध लावला. नदी, आठ खांब, कमान, सगळं टाकून टाकून तीन गावं काढली आणि सकाळी फोन घेऊन हजर. मला म्हणाले, मंगलताई, यातलं एक नक्की आहे, आता फोटो दाखवतो आणि सबनीसांना जागेवर पकडतो.

काका कमानीपाशी वाकले होते. काकूंनी प्रधानांच्या फोनवर हात ठेवला, पोळी तव्यावर दाबतात तसा.

"भाऊजी, ते गाव हे सांगतात तसं नसलं, तर मी उद्या कुठे चालू?"

प्रधानांनी फोन खिशात टाकला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा, कुणी न सांगता, मान वर करून खिडक्या बघितल्या.

*

गावाचा बाजार बुधवारचा. बुधवारी काका आम्हाला भिंतीच्या कडेने चालवत, कारण मधून मेंढ्या जात. अख्खा मॉल रिकामा, आणि आम्ही भिंत धरून. प्रधान मात्र मनगटावरचं पावलांचं घड्याळ सांभाळत मुद्दाम मधून ताडताड जायचे. मेंढ्या असतील तर त्या माझ्या बाजूला होतील, म्हणायचे.

मार्चमधल्या एका बुधवारची गोष्ट. काका-काकू डेंटिस्टकडे गेले होते, आम्ही दोघंच. बाहेर बर्फ नुसतं तरंगत होतं, खाली यायची घाईच नव्हती त्याला. प्रधान फूड कोर्टाच्या मधोमध अचानक थांबले. थांबलेलं घड्याळात मोजलं जात नाही म्हणून हा माणूस सिग्नललासुद्धा जागच्या जागी पाय हलवतो. तो मिनिटभर तसाच उभा. मी विचारलं, छातीत दुखतंय का?

"मेंढ्या जाऊ देत की," ते वैतागून म्हणाले.

*

माझी नात इरा सात वर्षांची. शाळेला सुट्टी होती म्हणून एकदा बरोबर आणली. काकांनी तिला सगळं गाव दाखवलं, तिने सगळं ऐकलं, आणि मी बुटाची नाडी बांधून उठते तर पोरगी गायब.

घाबरल्यावर माझं इंग्लिश जातं, मराठीही जाते. बलबीरसिंग दिसले. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, मेरी नातीन, छोटी, लाल जॅकेट, अभी कॉर्न एक्स्चेंज के पास थी! बोलल्यावर कळलं आपण काय बोललो ते. या मॉलमध्ये कॉर्न एक्स्चेंज कुठून आणणार बिचारा? मला रडू फुटलं. आता याला मशीनचं नाव सांगावं तर ते आठवेना.

बलबीरसिंगांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि शांतपणे म्हणाले, "लिटल गर्ल, रेड जॅकेट. चेक द कॉर्न एक्स्चेंज."

पलीकडून आवाज आला, कॉपी दॅट. दोन मिनिटांत दुसरा गार्ड इराला घेऊन आला, तोही बरोबर पैशांच्या मशीनजवळून. मी तिला पोटाशी धरलं. ती वैतागलेली.

"आजी, आय वॉझन्ट लॉस्ट. आय वॉझ ॲट द कॉर्न एक्स्चेंज."

*

आता ज्यासाठी ही टोपली पालथी केली ते.

आमची फेरी कमानीच्या पुढे एका गल्लीत जायची आणि एका बंद दुकानापाशी संपायची. त्या दुकानाच्या काचांना आतून ब्राऊन पेपर लावलेला होता, दोन वर्षं ते रिकामंच होतं. तिथे पोचलं की काका म्हणत, "इथून परत." मॉल पुढेही होता, पण आम्ही कधी गेलो नाही. काकांच्या खांद्याला नेहमी एक लांब नळकांडी असे, मास्तर लोक ड्रॉइंगचे कागद ठेवतात तसली. ती तिथे आल्यावर ते दुसऱ्या खांद्यावर घेत आणि वळत.

एकदा काका कॉफी आणायला गेले असताना मी काकूंना विचारलं, प्रधानही शेजारीच बसले होते. पुढे काय आहे हो? काकू सांगायला लागल्या.

काका त्या गावाला कधी गेलेच नव्हते. चौदाव्या वर्षी त्यांच्या इंग्लिशच्या सरांनी त्यांना एक पत्रमित्र जोडून दिला होता. कॉलिन नावाचा मुलगा, त्या गावात राहणारा. तो पत्रातून गाव सांगायचा, की आमच्या दारापासून पाण्याच्या पंपापर्यंत किती पावलं, कमान केवढी बुटकी. काका त्यावरून नकाशा काढून पाठवायचे. कॉलिन लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त करून परत पाठवायचा. काका पुन्हा काढायचे. दहा वर्षं एकच नकाशा कराड ते इंग्लंड फिरत होता.

"शेवटी आला तेव्हा त्यात एकच लाल खूण होती," काकू म्हणाल्या. "खाली लिहिलं होतं, आता तुझी पाळी. त्याच महिन्यात ह्यांचे वडील गेले. मग बहिणींची लग्नं, आमचं लग्न. वर्ष गेलं. वर्षाने वाटलं, एवढा उशीर झाला, आता काय तोंडाने पाठवू? दहा वर्षांनी वाटलं, आता तर दहा वर्षं झाली. असं करत पन्नास गेली गं."

"आणि नकाशा?"

काकूंनी मान हलवून कॉफीच्या रांगेकडे दाखवलं. काका रांगेत उभे होते, खांद्याला नळकांडी. मला फार वाईट वाटलं. म्हणजे हे ब्राऊन पेपरचं दुकान कॉलिनचं दार होतं, आणि हा माणूस रोज सकाळी तिथवर जाऊन परत फिरत होता.

त्या दिवशी घरी गेले आणि चार वर्षं राहून गेलेला फोन नागपूरला नणंदेला केला. फार भरून आलं होतं. पलीकडून नणंद म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, मंगल. ती म्हणाली, कोण मंगल? तिला कळलं होतं, मुद्दाम म्हणाली. बोललो मग तासभर.

*

सप्टेंबरात काकांच्या मुलाचं लंडनला काम निघालं आणि त्याने आईवडिलांची तिकिटंही काढली. गावही दाखवून आणतो म्हणाला. काकांनी कारणं काढायला सुरुवात केली. विमानात पाय सुजतात, तिकडे पाऊस असतो, घरातल्या झाडांना पाणी कोण घालणार. झाडं मी घेते म्हटलं. मग म्हणाले, हिच्या गुडघ्याला इतकं चालणं झेपायचं नाही.

काकू बटर क्रॉसवर बसल्या होत्या. काठी बाकाला टेकवून त्या उठल्या, बेकरीपर्यंत गेल्या आणि तशाच बिनकाठीच्या परत आल्या.

"गुडघा माझा आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं काय दुखतं ते सांगा."

काका नळकांडीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. कॉलिन असेल का, असला तर दार उघडेल का, आणि उघडलं तर म्हणायचं काय, एवढं सगळं त्या चाळ्यात होतं. आम्हा तिघांनाही ते कळलं. गेले शेवटी, नळकांडी घेऊन.

*

एक दिवस सकाळी नऊला मी आणि प्रधान मॉलमध्ये शिरलो आणि माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर काकू, अंगात स्वेटर, मागे मधासारखा पिवळा दगड आणि दुपारचं तिरपं ऊन. तिकडे चार वाजले होते.

"मंगल, आम्ही बटर क्रॉसपाशी आहोत. मुलगा गाडी लावायला गेलाय. हे पायरीवर बसलेत ते उठत नाहीत."

त्यांनी फोन वळवला. आठ खांबांची दगडी छत्री होती, जशी सांगितली होती तशीच. खाली पायरीवर काका, नळकांडी मांडीवर आडवी घेऊन.

"आणि मला सगळं उलटंसुलटं झालंय," काकू म्हणाल्या. "इथे चष्म्याचं दुकानच नाही. तू चाल, मी तुझ्यामागे चालते."

मी आमच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. प्रधान शेजारी. बलबीरसिंगही येऊन उभे राहिले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "बटर क्रॉसवरून डावीकडे. बावीस पावलं."

फोनमधून काकांचा आवाज आला, अगदी बारीक. बेकरी बंद असेल, म्हणत होते.

"आज सोमवार नाही," काकू म्हणाल्या. "उठा."

थोडा वेळ फोनमध्ये नुसतं आभाळ दिसत होतं. मग काकू मोजायला लागल्या आणि त्यांच्या मागून दुसरा, घोगरा आवाजही मोजायला लागला. आम्हीही इकडे मोजत चाललो. बावीस झाल्यावर काकूंनी फोन वर धरला. बेकरी गेली होती. तिथे मोबाइलचं दुकान होतं. आम्ही आमच्या शटरकडे बघितलं. प्रधान म्हणाले, नकाशा बरोबर आहे.

बाजारचौक ओलांडला. प्रधानांनी मेंढ्यांची आठवण केली, वार कुठला का असेना. कॉर्न एक्स्चेंजच्या पुढे कमान आली. आम्ही तिघं बुटांच्या दुकानापाशी वाकलो आणि त्याच वेळी फोनमध्ये क्षणभर अंधार झाला. दगडाखालून गेल्यावर होतो तसा. मग पुन्हा ऊन. गल्ली. आणि आम्ही ब्राऊन पेपरपाशी पोचलो.

"आता?" काकूंनी विचारलं.

मी काय सांगणार? "काकू, इथून पुढे आम्हाला माहीत नाही. काका इथून परत फिरतात."

 लांब कुठेतरी कावळा ओरडला, तिकडचा. मग काकांचा आवाज आला, "फोन बंद कर, कमल."

आणि फोन बंद झाला. आम्ही तिघं त्या रिकाम्या दुकानासमोर उभे. प्रधानांनी बलबीरसिंगांना कॉलिनची गोष्ट कधीच सांगून टाकली होती; ते म्हणाले, "दरवाज़ा खुला?" आम्हाला माहीत नव्हतं. पण कुणी हललंही नाही. दहा वाजता मॉलमधली गाणी सुरू झाली, शटरं वर जायला लागली, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

*

दोन आठवड्यांनी दोघं परत आले. मधे फोन नाही, फोटो नाही. आम्हीही विचारलं नाही. प्रधानांना तर गप्प राहून ताप यायची वेळ आली होती, पण राहिले.

सकाळी नऊला नेहमीप्रमाणे बाकापाशी जमलो. काका नेहमीसारखेच, एक डोळा मिटून उभे. बटर क्रॉस, बेकरी, चौक, कॉर्न एक्स्चेंज. कमानीखाली आम्ही वाकलो, काकू गाडीच्या आत. गल्लीतून ब्राऊन पेपरपाशी आलो आणि सवयीने मी, प्रधान आणि मागून येणारे बलबीरसिंग, तिघंही वळलो.

काका वळले नाहीत. सरळ पुढे गेले.

"इथून पुढे दोन पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "जपून, नदीमुळे ओल्या असतात."

समोर मॉलची सपाट, पुसलेली, चकचकीत फरशी. काकूंनी माझा हात धरला. आम्ही पाय उचलून, चाचपून, एक पायरी उतरलो, मग दुसरी. बलबीरसिंगही उतरले. खाली उतरल्यावर प्रधानांचं लक्ष काकांच्या खांद्याकडे गेलं. खांदा रिकामा होता.

"सबनीस," त्यांनी हळूच विचारलं, "नकाशा कुठाय?"

"तपासायला दिलाय," काका म्हणाले.